२२७७ : फळ्यावरच्या एका सालाचं प्रकरण

एप्रिल २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर 'फॉलआउट' ही त्याच नावाच्या व्हिडिओ गेमांवर बेतलेली सिरीज आली. आठही भाग एकदमच आले, त्यामुळे चिवट चाहत्यांनी एका रात्रीत फडशा पाडला. सहाव्या भागात नायिका लूसी व्हॉल्ट ४ नावाच्या भूमिगत वसाहतीत पोचते. तिथे मुलांच्या वर्गात एक फळा आहे. त्यावर शेडी सँड्स या शहराचा इतिहास खडूने लिहिलेला: स्थापना, राजधानीचा मान, आणि शेवटी 'शेडी सँड्सचं पतन, २२७७'. तिथून एक बाण निघतो आणि बाणाच्या टोकाला अणुस्फोटाचा ढग काढलेला आहे.

कॅमेरा फळ्यावर जेमतेम काही क्षण थांबतो. तेवढ्यात लोकांनी पॉज केलं, साल वाचलं आणि बोटं मोजली. पुढचा आठवडाभर याच एका आकड्यावर वाद पेटला होता, आणि शेवटी स्टुडिओच्या प्रमुखालाच खुलासा करायला पुढे यावं लागलं. एवढ्या मोठ्या सिरीजमध्ये खडूने लिहिलेले चार अंक लोकांना एवढे का झोंबले, हे समजून घ्यायचं तर शेडी सँड्सपासून सुरुवात करावी लागते.

मातीच्या घरांचं गाव

ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: २३ ऑक्टोबर २०७७ रोजी जगभर अणुयुद्ध होतं. काही अमेरिकन माणसं व्हॉल्ट नावाच्या तळघरांत वाचतात. त्यानंतरच्या उजाड जगात, वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या ठिकाणी हे गेम घडतात. पहिला गेम इंटरप्ले कंपनीने १९९७ साली काढला, टिम केन त्याचे मुख्य कर्ते. कथा २१६१ मधली. व्हॉल्ट १३ मधल्या पाण्याच्या यंत्रणेची एक चिप बिघडते आणि ती शोधायला तुम्हाला एकट्याला बाहेर काढतात.

बाहेर पडून पूर्वेला चालू लागलं की बहुतेकांना लागणारी पहिली वस्ती म्हणजे शेडी सँड्स. मातीच्या भिंती, थोडी शेती, विहीर, दाराशी पहारा. किरणोत्साराने अवाढव्य झालेल्या विंचवांचा गावाला त्रास आहे. गावचा म्होरक्या आराडेश, त्याची मुलगी टँडी. आराडेशच्या तोंडी 'धर्म' हा शब्द येतो, आणि आपल्या कानांना ती वस्ती एकदम ओळखीची वाटायला लागते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लेखकांनी हे भारतीय वळण का दिलं असेल ते असो. तुम्ही विंचू मारता. टँडीला लुटारू पळवून नेतात, तिला सोडवून आणता. आणि पुढच्या कामाला लागता.

१९९८ साली दुसरा भाग आला. मधे ऐंशी वर्षं गेली आहेत. तुम्ही नव्या पात्राच्या पायांनी चालत त्याच जागी येता, तर समोर तटबंदी, पोलीस, कायदे. शेडी सँड्स आता न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकची, म्हणजे एनसीआरची, राजधानी झाली आहे. आणि राष्ट्राध्यक्ष कोण? टँडी. म्हातारी झालेली, खमकी, पहिल्या गेमच्या नायकाची आठवण ठेवून असलेली. गुलामगिरीला तिच्या राज्यात बंदी आहे, पण तटाबाहेर गुलामांचा व्यापार राजरोस चालू आहे. मला ही गोष्ट या गेमची कमाल वाटते. सुव्यवस्था आली तर तिच्या पाठोपाठ ढोंगही आलंच.

मग २०१० मध्ये 'न्यू वेगास'. कथा २२८१ मधली, स्थळ नेवाडा. शेडी सँड्स इथे एकदाही दिसत नाही, पण जाणवत राहते. हूव्हर धरणावर एनसीआरचं सैन्य पसरलंय, सैनिक रसदीवरून कुरकुरतायत, घरच्यांच्या आठवणी काढतायत, गुरांच्या बड्या मालकांनी सरकार खिशात घातल्याचं बोललं जातंय. शंभर डॉलरच्या नोटेवर टँडीचं चित्र आहे.

हे तीन गेम ओळीने खेळलेल्या माणसाने एक गाव नगर होताना आणि नगराचं राज्य होताना पाहिलेलं असतं. नुसतं पाहिलेलं नसतं. ज्या मुलीला त्याने सोडवलं तिच्याच नावावर ते राज्य उभं आहे. सिरीजच्या लेखकांनी एका शहरावर बॉम्ब टाकला. त्या माणसाच्या लेखी तो त्याच्या हाताने वाढलेल्या गावावर पडला.

पूर्व आणि पश्चिम

मधल्या काळात मालक बदलले होते. इंटरप्ले डबघाईला आली, ब्लॅक आयल हा तिचा स्टुडिओ २००३ च्या शेवटी बंद पडला आणि तिथे तयार होत असलेला तिसरा भाग त्याच्यासोबत गेला. बेथेस्डा या दुसऱ्या गेम कंपनीने आधी परवाना घेतला आणि २००७ मध्ये साडेसत्तावन्न लाख डॉलरना सगळे हक्कच विकत घेतले. २००८ चा 'फॉलआउट ३' त्यांनी थेट दुसऱ्या किनाऱ्यावर, वॉशिंग्टनमध्ये नेला. २०१५ चा चौथा भाग बॉस्टनमध्ये, २०१८ चा 'फॉलआउट ७६' वेस्ट व्हर्जिनियात.

(आपल्याकडे 'फॉलआउट ३' मायक्रोसॉफ्टने आणलाच नाही. 'सांस्कृतिक संवेदनशीलता' एवढंच कारण दिलं. नेमकं काय खुपलं ते सांगितलं नाही, पण गेममधल्या दोन तोंडांच्या गायींना 'ब्राह्मिन' म्हणतात, तेव्हा सगळ्यांचा तर्क तिथेच धावला. गंमत अशी की अमेरिकेतल्या खऱ्याखुऱ्या ब्राह्मन गुरांची पैदास आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या जनावरांपासून झालेली आहे.)

पूर्वेला जाण्यात शहाणपण होतं. पश्चिमेचा इतिहास जुन्या लोकांनी लिहून ठेवलेला, त्याला हात लावला की चूक होणार. चार हजार किलोमीटर दूर जाऊन बसलं की दोन्ही कथा आपापल्या घरी सुखी. भाऊबंदकी टाळण्यासाठी आधीच वाटणी करून घ्यावी, तसं. पश्चिमेचा एकच गेम बेथेस्डाने काढला, 'न्यू वेगास', आणि तोही बाहेरच्या ऑब्सिडियन स्टुडिओला करायला दिला. ब्लॅक आयलमधली बरीच माणसं तिथे होती. दीडेक वर्षात गेम उभा राहिला, ढेकणांसारखे बग घेऊन. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाले असते तर बोनस होता, मिळाले ८४, हे ऑब्सिडियनच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं आणि त्या एका गुणाची दंतकथा झाली. बेथेस्डा 'न्यू वेगास'ला सावत्रपणाने वागवते, ही चाहत्यांची समजूत तेव्हापासूनची. ती रास्त आहे असं मला पूर्णपणे वाटत नाही. पण ही समजूत लक्षात घेतल्याशिवाय २०२४ चं भांडण कळायचं नाही. दारूगोळा आधीच साठलेला होता, फळ्याने नुसती काडी लावली.

आणि सिरीजने वाटणी मोडली. कथा २२९६ मधली, म्हणजे सगळ्या गेमांच्या नंतरची, आणि स्थळ कॅलिफोर्निया.

बोटं मोजली तर

हिशेब सोपा आहे. सिरीज सांगते की शेडी सँड्सवर बॉम्ब पडला आणि शहर बेचिराख झालं. बॉम्ब २२७७ चा धरला, तर 'न्यू वेगास' सुरू होतो तेव्हा राजधानी जाऊन चार वर्षं उलटलेली असायला हवीत. पण त्या गेममध्ये राष्ट्राध्यक्ष किंबॉल भाषण द्यायला धरणावर येतात, सैनिक करांबद्दल बोलतात, राजधानीहून आलेल्या निर्वासितांचं कुणी नाव काढत नाही. राजधानीवर अणुबॉम्ब पडला आणि चार वर्षांत कुणाच्या तोंडून एक उसासाही निघाला नाही, हे पटणारं नाही.

मग दोनच शक्यता उरतात. एक तर सिरीजवाल्यांनी चूक केली. नाहीतर त्यांनी 'न्यू वेगास' कॅननमधून, म्हणजे अधिकृत मानल्या जाणाऱ्या इतिहासातून, गुपचूप काढून टाकला. दुसरी शक्यता वाऱ्यासारखी पसरली, कारण सावत्रपणाच्या समजुतीत ती चपखल बसत होती.

बचाव करणारेही लगेच उभे राहिले. त्यांचं म्हणणं, फळा नीट वाचा. साल 'पतन' या शब्दाखाली आहे, ढगाखाली नाही. मधे बाण आहे. म्हणजे उताराला २२७७ मध्ये सुरुवात झाली, बॉम्ब नंतर पडला. हूव्हर धरणाची पहिली लढाईही २२७७ चीच, एनसीआर जिंकलं खरं, पण तिथून पुढे राज्य पोखरत गेलं. दुसरा बचाव मला जास्त आवडतो. फळा हा कथेतलाच एक दस्तऐवज आहे, निर्वासितांनी लहान मुलांना शिकवण्यासाठी लिहिलेला. बखरीतलं साल चुकलं म्हणून लढाई झालीच नाही असं आपण म्हणत नाही. शकावली जुळवायला बसतो.

दोन्ही बचाव हुशारीचे आहेत, पण वकिली आहेत. टीव्हीवरचा फळा बखरीसारखा वाचावा अशी कुठलीही खूण त्या प्रसंगात नाही. लूसीला आणि आपल्यालाही काय झालं ते सांगायला तो फळा तिथे ठेवलाय. माझा अंदाज असा की ज्याने तो लिहिला त्याच्या मनात २२७७ म्हणजे बॉम्बचंच साल होतं, आणि बाण पुढे योगायोगाने कामी आला.

खुलासा

बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड सिरीजचे कार्यकारी निर्मातेही आहेत. आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं की 'न्यू वेगास'च्या घटना झालेल्या आहेत आणि बॉम्ब त्यानंतर लगेचच पडतो. कंपनीचे एमिल पाग्लियारुलो यांनीही समाजमाध्यमावर घटनाक्रम टाकून तेच सांगितलं. टिम केन यांनी सिरीजचं आपल्या यूट्यूब चॅनलवर कौतुक केलं. 'न्यू वेगास'चे दिग्दर्शक जॉश सॉयर यांची भूमिका सगळ्यांत निर्विकार होती: आपण ज्या गोष्टींवर काम केलं त्या आपल्या मालकीच्या कधी नव्हत्याच.

हिशेबाचा प्रश्न तिथे मिटला. पण राग मिटला नाही, आणि या प्रकरणात मला खरा रस आहे तो इथून पुढे.

खुलासा आल्यावर भांडण थांबायला हवं होतं. ते नुसतं सरकलं. 'साल चुकलं' म्हणणारे दुसऱ्याच दिवशी 'पण उडवलंच का?' असं विचारू लागले. याचा अर्थ साल हा मूळ मुद्दा कधी नव्हता. साल हा पुरावा होता. 'माझं गाव का जाळलंत' असं म्हणायला माणसाला संकोच वाटतो, ते भाबडं दिसतं. 'तुमचं साल जुळत नाही' हे मात्र भक्कम, तपासता येणारं, अभ्यासू वाटतं. एखाद्याला वाटणीत मनासारखी जमीन मिळाली नाही की तो सातबाऱ्यातली खाडाखोड दाखवत बसतो, तसंच हे. चूक खरी असते, पण दुखणं निराळं असतं.

'न्यू वेगास'च्या चाहत्याची तक्रार नेमकी मांडायची तर ती अशी: जग बुडाल्यावर माणसं पुन्हा काय उभारतात, हा पश्चिमेच्या गेमांचा विषय होता. कर, पक्ष, चलन, भ्रष्टाचार, सीमा. बेथेस्डाच्या पूर्वेकडच्या गेमांत दोनशे वर्षांनंतरही लोक सांगाडे न हलवता त्यांच्याच शेजारी झोपतात. सिरीजने एनसीआर उडवलं आणि पश्चिमही पूर्वेसारखी करून टाकली. पाटी कोरी. ही तक्रार मला बरीचशी पटते. सिरीजच्या बाजूनेही बोलायला जागा आहे: नव्या प्रेक्षकाला उजाड वाळवंट दाखवायचं आणि त्याच वेळी तिथे नळाला पाणी आणि निवडणुका आहेत असंही सांगायचं, हे अवघड काम. शिवाय शहर उडवणारा माणूस लूसीचा बाप निघतो, त्यामुळे ती राख कथेत नुसती सजावट म्हणून राहत नाही, लूसीच्या घरात येऊन पडते.

चुका पूर्वीही झाल्या होत्या

जुने ते पवित्र आणि नवे ते भ्रष्ट, असा सूर या वादात सतत लागतो. तो खोटा आहे. मोठ्यात मोठा बदल जुन्यांनीच केला. पहिल्या गेममध्ये व्हॉल्ट म्हणजे साधी निवाऱ्याची तळघरं. दुसऱ्या गेममध्ये कळतं की त्यातली बहुतेक माणसांवरच्या प्रयोगांसाठी बांधलेली होती. आज हे 'फॉलआउट'चं काळीज मानलं जातं, पण १९९८ मध्ये ती मागाहून केलेली दुरुस्तीच होती. २००२ मध्ये अ‍ॅव्हेलोन यांनी चाहत्यांच्या शंकांची उत्तरं देणारं 'फॉलआउट बायबल' लिहायला घेतलं, ते तरी कशासाठी? विसंगती साठल्या होत्या म्हणूनच.

चलनाचं उदाहरण आणखी छान. पहिल्या गेममध्ये बाटल्यांची झाकणं पैसे म्हणून चालतात. दुसऱ्यात एनसीआर डॉलर आल्यावर झाकणं बाद. बेथेस्डाने झाकणं परत आणली, कारण ती मालिकेची ओळख झाली होती. मग 'न्यू वेगास'ला पश्चिमेत झाकणं पुन्हा का चालतात याचं उत्तर देणं भाग पडलं. त्यांनी दिलं: ब्रदरहुड ऑफ स्टील या सशस्त्र पंथाने एनसीआरचे सोन्याचे साठे नष्ट केले, डॉलरवरचा विश्वास उडाला, व्यापाऱ्यांनी झाकणं परत चालू केली. एका विसंगतीतून अर्थकारणाचा एक सबंध पदर निघाला. याला म्हणतात ठिगळ लावणं.

याच्या उलट 'फॉलआउट ४' मधलं जेट. दुसऱ्या गेममध्ये मायरन नावाचा आगाऊ पोरगा सांगतो की हे ड्रग त्याने शोधलं. चौथ्या गेममध्ये ते युद्धाच्या सुमारास सील झालेल्या व्हॉल्ट ९५ मध्ये सापडतं. 'मायरन थापा मारत होता' असं म्हणून सुटता येतं, पण ते आपण म्हणायचं, गेम काहीच म्हणत नाही. त्याच गेममध्ये फ्रीजमध्ये दोनशे वर्षं अन्नपाण्याशिवाय अडकलेला पोरगाही भेटतो. त्याला लोक अजून हसतात. सिरीजनेही आपल्या दुसऱ्या नायकाला, छोट्या मॅक्सिमसला, शेडी सँड्सच्या राखेत फ्रीजमधूनच बाहेर काढलं. खोडी काढल्यासारखं.

जेटबद्दल चिडचिड झाली, पण कुणी तळतळून शाप दिले नाहीत. कारण त्यातून कुणाचं काही गेलं नव्हतं.

ज्याच्या त्याच्या शेवटाचं काय

यात आणखी एक गाठ आहे, आणि ती सुटणारी नाही. 'न्यू वेगास'ला चार मुख्य शेवट आहेत: धरण एनसीआर जिंकतं, एनसीआरची शत्रू असलेली सीझरची लीजन ही फौज जिंकते, वेगासचा मालक मिस्टर हाउस जिंकतो, नाहीतर तुम्ही स्वतः वेगास ताब्यात घेता. 'लोनसम रोड' या पुरवणीत तर खेळाडू स्वतःच एनसीआरच्या हद्दीत अण्वस्त्र डागू शकतो. म्हणजे एनसीआरवर बॉम्ब टाकण्याची मुभा त्याच लाडक्या गेमने २०११ मध्ये दिली होती, आणि तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. बटण खेळाडूच्या हातात होतं ना!

निवड खेळाडूची असेल तर पुढच्या कथेला कुणाची निवड खरी मानायची? बेथेस्डाची जुनी युक्ती होती लांब जाण्याची. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला दुसरा सीझन थेट वेगासला गेला, तेव्हा ती युक्ती संपली. मग कर्त्यांनी दुसरी काढली: कुठलाही एक शेवट खरा ठरवायचा नाही. प्रत्येक पक्ष आपणच जिंकलो असं मानतो, आणि मधल्या पंधरा वर्षांची धूळ सगळ्यांवर बसलेली आहे. पळवाट आहे, पण सभ्य पळवाट आहे. फळ्यावर साल लिहिणाऱ्याने आधीच एवढी धूळ उडवली असती तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं. त्या प्रसंगाला आकडा लागतच नव्हता. शहर होतं, आता नाही, मुलांनी ढग काढलाय, एवढं पुरलं असतं.

धंद्यावर या वादाचा ओरखडाही उठला नाही. पहिल्या सोळा दिवसांत साडेसहा कोटी लोकांनी सिरीज पाहिल्याचं अ‍ॅमेझॉनने सांगितलं, आणि नऊ वर्षं जुना 'फॉलआउट ४' युरोपातल्या विक्रीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. बेथेस्डा आणि ऑब्सिडियन दोघीही आज मायक्रोसॉफ्टच्याच पदराखाली आहेत. सावत्रपणाच्या कथेला हे फारसं सोयीचं नाही, म्हणून ती सांगणारे हा तपशील सहसा गाळतात.

एक गोष्ट मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या गेमच्या नकाशावर शेडी सँड्स लॉस एंजेलिसपासून बरीच लांब, उत्तरेला आहे. लॉस एंजेलिस ही तिथे वेगळीच जागा आहे, तिला बोनयार्ड म्हणतात आणि तिथे पोचायला नकाशावरून दिवसचे दिवस चालावं लागतं. सिरीजमध्ये शेडी सँड्सचा खड्डा लॉस एंजेलिसच्या परिसरातच आहे. बोटं मोजूनही ही चूक वाचवता येत नाही, बाणही कामी येत नाही. चार वर्षांच्या फरकापुढे एक अख्खं शहर उचलून दुसरीकडे ठेवणं ही कितीतरी मोठी गडबड. काहींनी ती दाखवली, नकाशे एकावर एक ठेवून दाखवली. पण तिच्यासाठी कुणी आठवडाभर भांडलं नाही, आणि हॉवर्डना तिच्यावर मुलाखत द्यावी लागली नाही.